तुरुंगात जेवण तोडले तर: बंद्याचा हक्क, कागदपत्रे आणि दाद मागण्याच्या पायऱ्या

मारहाणीचा वळ डॉक्टरला दाखवता येतो. कमी वाढलेल्या जेवणाचा पुरावा मात्र दुसऱ्या दिवशी उरत नाही. त्यामुळे तुरुंगात अन्नाचा शिक्षेसारखा वापर सहज होतो आणि सिद्ध करणे अवघड जाते. कुणाच्या ताटातली चपाती कमी होते, कुणाचा घरचा डबा गेटवरून परत जातो, कुणाचे कॅन्टीन बंद होते, मधुमेह्याला साधे जेवण चालू होते. विचारले की उत्तर मिळते, "साहेबांचा हुकूम आहे." तो हुकूम लेखी असतो का, हाच या लेखाचा मूळ प्रश्न आहे. जेवण कमी करण्याच्या शिक्षेला कायद्याने फार अरुंद जागा ठेवली आहे आणि तिथे प्रत्येक पावलाला कागद लागतो. कागद नसेल तर ती शिक्षा बेकायदा. बंद्याचे नातेवाईक आणि वकील यांनी तो कागद मागायचा कसा, कुठे आणि कधी, ते पुढे दिले आहे.

कायद्याची चौकट

देशातल्या बहुतेक कारागृह नियमांचा पाया अजूनही १८९४ चा कारागृह अधिनियम आहे. त्याच्या कलम ४६ मध्ये कारागृहातल्या शिक्षांची यादी आहे आणि तिच्यात 'दंडात्मक आहार' म्हणजे जेवणावरचे बंधन आहे. मात्र त्याला मर्यादा घातली आहे. सलग ९६ तासांपेक्षा जास्त नाही. नवा अपराध घडल्याशिवाय पुन्हा नाही. आणि मध्ये एक आठवडा गेल्याशिवायही पुन्हा नाही.

त्या मर्यादेभोवतीची कलमे जास्त उपयोगी आहेत, ती पाठच ठेवा. कलम ४८ नुसार शिक्षा देण्याचा अधिकार फक्त अधीक्षकाचा आहे, त्याच्या हाताखालच्या कुणालाही कसलीही शिक्षा देता येत नाही. म्हणजे तुरुंगाधिकारी, हवालदार, शिपाई किंवा वॉर्डरचे काम करणारा पक्का (शिक्षा झालेला) कैदी यांपैकी कुणी जेवण तोडले असेल तर कारण काहीही असो, ते कायद्यात बसत नाही. कलम ४९ नुसार यादीबाहेरची शिक्षा न्यायालयाच्या आदेशाशिवाय देता येत नाही. कलम ५० नुसार दंडात्मक आहार सुरू होण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद्याला तपासून तो शिक्षा सोसण्यास योग्य असल्याचे शिक्षा नोंदवहीत लिहावे लागते. कलम ५१ नुसार त्या नोंदवहीत बंद्याचे नाव व क्रमांक, अपराध, त्याची तारीख, आधीचे अपराध, दिलेली शिक्षा आणि ती अमलात आणल्याची तारीख यायला हवी.

त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या नावाच्या दुसऱ्या प्रकरणात (डिसेंबर १९७९) न्या. कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट केले की एकांत कोठडी, सक्तमजुरी किंवा त्रास म्हणून आहारात केलेला बदल सत्र न्यायाधीशांनी पाहिल्याशिवाय लादता येणार नाही. तातडीमुळे आधी कळवणे शक्य नसेल तर कारवाईनंतर दोन दिवसांत कळवावे लागेल. हे प्रकरण एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेल्या पत्रावरून सुरू झाले होते. पुढे १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलिन प्रकरणात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पुरेसे पोषण येते, असे न्यायालयाने म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या १९५० च्या दशकातल्या किमान नियमांत डॉक्टरच्या लेखी दाखल्यासह जेवण कमी करण्याची मुभा होती. २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी ती काढून टाकली. त्यांच्या नियम ४३ मध्ये जेवण किंवा पिण्याचे पाणी कमी करण्यावर सरळ बंदी आहे. हे नियम भारतीय न्यायालयावर कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण अर्जात त्यांचा आधार जरूर घ्यावा.

एक सावधगिरी. महाराष्ट्रात कारागृहांसाठी नवे विधेयक २०२४ मध्ये विधिमंडळात आले. अर्जात कलम टाकण्याआधी त्या तारखेला कोणता कायदा लागू आहे ते वकिलाकडून तपासून घ्या. मात्र अर्जाचा मुख्य भार अनुच्छेद २१ आणि बत्रा निकालावर ठेवा, कारण कायदा बदलला तरी हे दोन आधार जागेवर राहतात.

पायरी १: नेमके काय तोडले आहे ते ओळखा

"जेवण नीट देत नाहीत" अशी तक्रार कुठेच टिकत नाही. आधी एकच गोष्ट विचारा: कमी फक्त तुमच्या माणसाला मिळते की सगळ्या बराकीला? एकट्याला मिळत असेल तर ती शिक्षा आहे, मग लेखी आदेश आणि डॉक्टरचा दाखला मागायचा. सगळ्या बराकीला मिळत असेल तर दोन शक्यता राहतात. कुणा एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा दिली असेल (ती तर यादीतच नाही) किंवा शिध्याची गळती होत असेल. गळतीची तक्रार अभ्यागत मंडळाकडे (तुरुंगाची पाहणी करणाऱ्या मंडळाकडे) आणि सत्र न्यायाधीशांकडे जाते, तिथे एका बंद्याची शिक्षा नोंदवही मागून काही हाती लागत नाही. या दोन्हींची सरमिसळ झाली की "सर्व बंद्यांना नियमानुसार आहार दिला जातो" एवढ्या एका ओळीत प्रशासन सुटते.

कॅन्टीनचा विषय वेगळा ठेवा. ती सवलत आहे, शिध्यासारखा हक्क नाही. ती रीतसर नोंद करून काही काळ थांबवता येते. पण कॅन्टीन बंद करून शिवाय ताटातलेही कमी केले असेल, तर दोन्ही गोष्टी अर्जात स्वतंत्र परिच्छेदांत लिहा.

पाण्याला कुठलीही सवलत नाही. पिण्याचे पाणी तोडल्याचे कळले तर पुढच्या पायऱ्यांची वाट न पाहता त्याच दिवशी वकिलामार्फत न्यायालयात जा.

पायरी २: मुलाकतीत काय विचारायचे

मुलाकतीची वेळ थोडी असते आणि बोलणे ऐकले जाते असे धरून चाला. रडारडीत ती मिनिटे जाऊ नयेत म्हणून प्रश्न आधी लिहून न्या. कोणत्या तारखेपासून? नाश्ता, दुपार, संध्याकाळ यांपैकी कोणते जेवण? किती चपात्या, किती वाटी डाळ? शेजारच्याला किती? सांगणाऱ्याचे पद काय? कारण काय सांगितले? कुठल्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला का? डॉक्टरने तपासले का? वजन कधी केले?

बाहेर पडताच हे सगळे तारीख-वेळेसह वहीत उतरवा. दोन मुलाकतींतल्या नोंदी एकमेकींशी जुळल्या की त्यांना वजन येते. इतर बंद्यांची नावे मात्र अर्जात त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. तुमचा माणूस सुटेल आणि साक्ष देणारा आतच राहील, हे लक्षात असू द्या.

नाजूक तपशील वकिलाला सांगू द्या. कच्च्या कैद्याला (ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला) आपल्या वकिलाला दुसऱ्या कुणाच्या उपस्थितीशिवाय भेटता यावे, अशी तरतूद कारागृह अधिनियमाच्या कलम ४० मध्ये आहे. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि राष्ट्रीय मदतवाहिनी १५१०० आहे. अर्ज नातेवाइकाने केला तरी चालतो.

वजनाबद्दल थोडे अधिक. मजुरी करणाऱ्या बंद्याचे वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर (तुरुंगातल्या त्याच्या नोंदींच्या कागदावर) नोंदवावे, असे कारागृह अधिनियमाचे कलम ३५ सांगते. उपासमारीच्या तक्रारीत हीच सर्वात भक्कम नोंद असते, कारण ती वाद सुरू होण्याच्या आधीपासून चालू असते. कच्च्या कैद्याच्या बाबतीत आत घेतानाची वैद्यकीय तपासणी आणि कारागृह दवाखान्याचे केसपेपर पाहायचे.

पायरी ३: लेखी तक्रार

पहिली तक्रार अधीक्षकाकडे करा. आवक शाखेत प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. घेत नसतील तर पोचपावतीच्या टपालाने पाठवा. आतल्या बंद्याने तक्रार पेटीत चिठ्ठी टाकायची असेल तर त्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारायला हवे. बत्रा निकालाने या पेट्या न्यायाधीश किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणात ठेवायला सांगितल्या आहेत. पेटी तुरुंगाचे कर्मचारीच उघडत असतील तर तीही तक्रारीची बाब आहे.

अधीक्षकाच्या उत्तराची महिनाभर वाट पाहू नका. रोज एक वेळचे जेवण तुटत असेल तर दोन-तीन दिवस पुरेत. त्यानंतर कच्च्या कैद्यासाठी खटला ज्या न्यायालयात आहे तिथे, आणि शिक्षा झालेल्यासाठी जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे जायचे. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

"बंदी क्रमांक … हा … मध्यवर्ती कारागृहात दिनांक … पासून आहे. दिनांक … ते … या काळात त्याला संध्याकाळच्या जेवणात इतर बंद्यांना … दिले जात असताना फक्त … देण्यात आले. याबाबत कोणताही लेखी आदेश त्याला दाखवलेला नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याची तपासणी केलेली नाही. न्यायालयाला पूर्वसूचना दिल्याचे दिसत नाही. तरी विनंती की (१) शिक्षा नोंदवहीचा संबंधित उतारा, हिस्टरी तिकीट व वैद्यकीय कागद मागवावेत. (२) नियमाप्रमाणे पूर्ण आहार तात्काळ सुरू करण्याचा आदेश व्हावा. (३) वजनासह वैद्यकीय तपासणी शासकीय रुग्णालयात करून अहवाल मागवावा. (४) बंद्याला प्रत्यक्ष हजर करून ऐकावे. (५) या अर्जामुळे त्याला अन्य कारागृहात किंवा वेगळ्या सेलमध्ये हलवू नये."

चौथी मागणी वगळू नका. व्हिडिओवरच्या सुनावणीत बंदी बोलतो तेव्हा त्याच्या शेजारी तुरुंगाचेच कर्मचारी असू शकतात आणि तिथे तो "काही तक्रार नाही" म्हणण्याची शक्यता मोठी असते. प्रत्यक्ष तारखेला त्याने स्वतः न्यायाधीशांना सांगावे आणि वकिलाने ते रोझनाम्यात (न्यायालयाच्या त्या तारखेच्या नोंदीत) नोंदवून घ्यावे. तोंडी सांगितलेले नोंदले गेले नाही तर पुढच्या तारखेला त्याचा मागमूस राहत नाही.

प्रशासनाकडून येणारी तीन उत्तरे ठरलेली असतात. "बंद्याने स्वतःहून जेवण नाकारले" असे आले तर नकाराची नोंद कुठे आहे आणि डॉक्टरला कधी कळवले ते विचारा. रोज जेवण नाकारणारा बंदी दवाखान्याच्या कागदावर दिसायला हवा. "शिक्षा रीतसर दिली" असे आले तर नोंदवहीतली शिक्षेची तारीख आणि डॉक्टरच्या दाखल्याची तारीख शेजारी ठेवून पाहा. दाखला नंतरचा असेल तर शिक्षा तिथेच मोडते. "बंद्याची तक्रार नाही" असे लिहिलेला त्याचा जबाब जोडला असेल तर तो कुणासमोर आणि कोणत्या भाषेत घेतला ते विचारा. म्हणूनच कोऱ्या कागदावर सही न करण्याचे बंद्याला पहिल्याच भेटीत बजावून ठेवावे.

जिल्हा पातळीवर काही हलले नाही तर अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात याचिका होते. मुंबईसोबत नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि कोल्हापूर इथे त्या-त्या भागाची प्रकरणे चालतात. मानवी हक्क आयोगाचा मार्गही खुला आहे, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. एकच तक्रार राज्य व राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे पाठवू नका. राज्य आयोगापुढे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही आणि मधले महिने वाया जातात.

घरचा डबा

कारागृह अधिनियमाच्या कलम ३१ नुसार कच्चा कैदी स्वतःच्या खर्चाने राहू शकतो आणि ठरलेल्या वेळी तपासणी करून बाहेरून अन्न घेऊ शकतो. शिक्षा लागली की हा हक्क संपतो. व्यवहारात गेटवर डबा घेतला जाण्यासाठी बहुतेकदा न्यायालयाचा आदेश लागतो आणि न्यायालय वैद्यकीय कारण पाहते. म्हणून अर्जासोबत जुने उपचारांचे कागद, डॉक्टरने लिहिलेला आहार, डबा आणणाऱ्याचे नाव व ओळखपत्र आणि दिवसातून किती वेळा आणणार हे सगळे द्या. आदेशात वेळ लिहून घ्या. नुसती "परवानगी देण्यात येते" अशी ओळ असली की गेटवर रोज वाद होतो.

डबा परत जाण्याची कारणे साधी असतात: घट्ट बंद डबे, हाडे-काटे असलेले पदार्थ, तपासताना फोडावे लागणारे लाडू-पुऱ्यांसारखे पदार्थ, आदेशात नाव नसलेली व्यक्ती. भाजी, डाळ, चपाती, भात हे सुटे, उघडून दिसेल असे द्या. डब्यात निषिद्ध वस्तू निघाली तर कलम ४२ खाली आणणाऱ्यावर गुन्हा होतो, म्हणून डबा घरातल्याच माणसाने भरावा आणि वाटेत दुसऱ्या कुणाकडे देऊ नये. हे अन्न दुसऱ्या बंद्याला देणे किंवा विकणे कलम ३२ ने मना आहे. बऱ्याचदा डबा बंद होण्याचे खरे कारण हेच निघते, त्यामुळे आत वाटून खाण्याची सवय असलेल्याला आधीच सांगून ठेवा. न्यायालयाचा आदेश असताना डबा थांबवला तर त्याच न्यायालयात त्याच दिवशी अर्ज करा. तो तुरुंगाच्या शिस्तीचा प्रश्न उरत नाही, तो आदेशाच्या अवमानाचा होतो.

आजारी, गरोदर स्त्रिया आणि आईसोबतची मुले

वैद्यकीय आहार ही मेहरबानी नाही. तो वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहिलेला असतो आणि त्यात बदलही त्यानेच करायचा असतो. मधुमेह्याच्या बाबतीत तुरुंगाचे वेळापत्रकच धोक्याचे असते. संध्याकाळचे जेवण बराक बंद करण्याआधी वाटले जाते आणि पुढचा घास सकाळी मिळतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर या मोठ्या खंडात रात्री धोकादायक पातळीला उतरू शकते. त्यामुळे रात्रीसाठी दूध, फळ किंवा बिस्किटे जवळ ठेवण्याची परवानगी केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्या. ती लिहिलेली नसेल तर झडतीत ती वस्तू उचलली जाते आणि वर तीच नियमभंग ठरते. घाम, हाताला कंप, बरळणे ही साखर उतरल्याची लक्षणे बराकीतल्या सोबत्यांनाही माहीत असावीत.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत सरासरी माणसाला २,००० ते २,४०० आणि कष्टाचे काम करणाऱ्याला किमान २,८०० कॅलरी लागतात असे धरले आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना जास्त आहार सांगितला आहे. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत राहू शकते. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालात त्या मुलांसाठी वेगळे आहारमान दिले आहे, त्यात रोजचे ५०० मिलिलिटर दूध आहे. आईला झालेल्या कुठल्याही शिक्षेचा मुलाच्या दुधाशी संबंध जोडता येत नाही, कारण त्या निकालानुसार ते मूल ना कच्चे कैदी आहे ना पक्के. आईच्या शिध्यातूनच मुलाला भरवले जात असेल तर तेवढी एक बाब सत्र न्यायाधीशांना कळवायला पुरेशी आहे.

वाढप, हिशोब आणि जात

जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात अंडी आणि पाव कमी भरल्याच्या वादातून वॉर्डरचे काम करणाऱ्या एका शिक्षा झालेल्या बंदी स्त्रीला झालेल्या मारहाणीनंतर तिचा मृत्यू झाला आणि सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. वाढपाचे काम कैद्यांकडेच असते, पण हिशोबाची जबाबदारी अधिकाऱ्यांची असते. हे काम करणाऱ्या बंद्याने आलेला माल कमी असेल तर ताबा घेतानाच तो अधिकाऱ्याच्या नोंदीत घालून घ्यावा. वाटप झाल्यावर सांगितलेली तूट त्याच्या अंगावर येते.

स्वयंपाकघराचे काम जातीवरून देणे-नाकारणे ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालानंतर घटनाबाह्य आहे. ठरावीक जातीनेच रांधावे किंवा ठरावीक जातीने फक्त झाडू मारावा असे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. कामवाटपात हे अजून चालू दिसले तर या निकालाचे नाव घालून थेट तक्रार करा.

उपोषणाबद्दल

लाहोर तुरुंगात जतीन दास यांनी १९२९ मध्ये ६३ दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडले. त्या लढ्यातल्या मागण्यांत राजकीय कैद्यांना बरे अन्न ही एक मागणी होती. ते बलिदान थोर आहे. तरीही जेवणाच्या तक्रारीसाठी उपोषण हे पहिले पाऊल मुळीच असू नये. एक तर कारागृह नियमांत त्याकडे शिस्तभंग म्हणून पाहिले जाते, आणि दुसरे म्हणजे "स्वतःहून जेवत नाही" हे उत्तर प्रशासनाला आयते मिळते. कुणी उपोषण सुरू केलेच असेल तर बाहेरच्यांनी त्याच दिवशी वकील, न्यायालय आणि विधी सेवा प्राधिकरणाला लेखी कळवावे, रोज वैद्यकीय तपासणीची मागणी करावी आणि पाणी सोडू नये असे बंद्याला निक्षून सांगावे. पाच दिवसांहून अधिक उपाशी राहिलेल्याने सोडताना एकदम पोटभर जेवणे जिवावर बेतू शकते, रक्तातल्या क्षारांचे प्रमाण कोसळते. ते रुग्णालयातच, थोड्या थोड्या आहाराने आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायचे.

माहिती अधिकार

नोंदवही दाखवत नसतील तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. शिक्षा नोंदवही आणि धान्य वाटपाची नोंदवही हे दोन विषय आहेत, म्हणून दोन अर्ज करा. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ नये यासाठी बंद्याच्याच सहीने अर्ज करा किंवा त्याचे संमतीपत्र जोडा. एरवी मुदत ३० दिवसांची असते. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७ नुसार ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. ते कलम अर्जाच्या पहिल्या ओळीतच लिहा आणि जिवाला धोका कसा आहे ते एका वाक्यात सांगा, जसे की "बंदी इन्सुलिनवर असून दिनांक … पासून त्याचा वैद्यकीय आहार बंद आहे".

दरम्यान बंद्याची बदली झाली तर जुन्या कारागृहातली तक्रार आपोआप त्याच्यामागे जात नाही. नव्या अधीक्षकाला आधीच्या सर्व अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती द्या, न्यायालयाला बदलीची तारीख कळवा आणि नव्या ठिकाणी आत घेताना केलेल्या वैद्यकीय तपासणीतली वजनाची नोंद पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.